बांगड्यांचा आहेर आणि कर्ता पुरुष

पाणी येत नाही म्हणून बायकांचा मोर्चा नगरपालिकेवर जातो. रिकामे हंडे वाजतात, घोषणा होतात आणि शेवटी साहेबाच्या टेबलावर एक ताट येतं. त्यात साडी, खण आणि हिरव्या बांगड्या. बांगड्यांचा आहेर! फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी छापून येतो. महाराष्ट्रात हे इतक्यांदा झालं आहे की त्यात कुणाला काही खटकत नाही. पण त्या ताटाकडे नीट बघायला हवं. ज्या हातांनी लांबवरून पाणी आणलं, टँकरच्या रांगेत पहाटे नंबर लावला, मोर्चा बांधला, साहेबाच्या दालनात शिरून त्याला जाब विचारला, त्याच हातांतल्या बांगड्या नाकर्तेपणाची खूण म्हणून पुढे केल्या जातात. करून दाखवणाऱ्या बायका काहीच न करणाऱ्या माणसाला सांगत असतात की तू आमच्यासारखा आहेस.

पुरुषत्व आणि स्त्रीत्व यांवर सध्या जी चर्चा चालली आहे, तिचा सगळा गुंता या एका ताटात आहे. ती चर्चा फार वाईट पद्धतीनं चालली आहे. एका बाजूला 'मॅस्क्युलिन एनर्जी' आणि 'फेमिनिन एनर्जी' शिकवणारे व्हिडिओ आणि शिबिरं आहेत. पुरुष म्हणजे योद्धा, राजा, रक्षक. स्त्री म्हणजे माया, सोशिकता, वाहतं पाणी. दोघांनी आपापल्या जागा सोडल्या म्हणून संसार मोडतात, मुलं भरकटतात, असं त्यांचं निदान. दुसऱ्या बाजूला या सगळ्या प्रतिमा म्हणजे थोतांड आहे, पुसून टाका, असं म्हणणारे आहेत. दोघंही भांडतात ते स्वभावावर. पुरुष मुळात कसा असतो, बाई मुळात कशी असते, की मुळात असं काही नसतंच? माझ्या मते भांडणाची जागाच चुकली आहे. योद्धा, कर्ता, माउली, अन्नपूर्णा या प्रतिमा खऱ्या आहेत आणि त्यांची पकडही खरी आहे. पण त्या स्वभावाचं वर्णन म्हणून तयार झालेल्या नाहीत. कुणी कोणतं काम करायचं, त्याचे पैसे कुणाला मिळायचे आणि कागदावर नाव कुणाचं लागायचं, या वाटणीला दिलेली ती सुंदर नावं आहेत. वाटणी बदलली की नाव गुपचूप दुसऱ्याच्या अंगावर चढतं. म्हणून स्त्रीत्व-पुरुषत्वावर बोलायचं तर आधी मजुरीची वही आणि सातबारा उघडला पाहिजे. त्या प्रतिमांमधले गुण ठेवावेत, त्यांच्यावर चिकटवलेली बाई-बुवाची चिठ्ठी तेवढी काढावी.

'आदिबंध' हा शब्द आपल्या समीक्षेत रुळला तो कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या विचारामुळे. माता, वीर, ज्ञानवृद्ध अशा काही आकृती माणसाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या आणि देशोदेशी पुन्हा पुन्हा उमटतात, असं त्याचं म्हणणं. आज त्याचंच नाव घेऊन 'तुझ्यातला योद्धा जागा कर' असं शिकवलं जातं. पण युंग नेमक्या उलट्या गोष्टीवर बोट ठेवत होता. पुरुषाच्या मनात एक स्त्रीरूप असतं, त्याला तो 'ॲनिमा' म्हणे. स्त्रीच्या मनात पुरुषरूप असतं, तो 'ॲनिमस'. या दुसऱ्या अर्ध्याशी ओळख झाल्याशिवाय माणूस पुरता वाढत नाही, हा त्याच्या मांडणीचा गाभा. तोही चुकला, हेही सांगायला हवं. तर्क आणि निर्णय पुरुषाकडे, नातं आणि भावना स्त्रीकडे अशी वाटणी त्यानं केली. ती त्याच्या अवतीभवतीच्या सुखवस्तू घरांवरून बेतलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला १९७१ साली, युंग वारल्यावर दहा वर्षांनी. त्या समाजात स्त्रीच्या ठायी निर्णयशक्ती कमी दिसली, तर तो मनाचा शोध की कायद्याचा परिणाम?

'अल्फा' पुरुषाची, म्हणजे सगळ्यांना हरवून कळपावर हुकूम चालवणाऱ्या नराची, गोष्ट तर याहून कच्च्या पायावर उभी आहे. रुडॉल्फ शेंकेल यानं प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये वर्चस्वाची उतरंड मांडली. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' लांडगा घरोघरी पोचला. पुढे याच मेकनं रानातल्या लांडग्यांची वर्षानुवर्षं निरीक्षणं केली आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की लांडग्यांची टोळी म्हणजे साधारणपणे आई, बाप आणि त्यांची पिल्लं असतात. पुढारी लांडगा कुणाला हरवून पुढारी झालेला नसतो, तो बाप असतो. कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी जनावरांच्या मारामारीवरून आपण पोरांना पुरुषत्व शिकवत आहोत. आपलं पुस्तक छापणं थांबवा म्हणून मेक प्रकाशकाच्या मागे लागला होता. शिबिरं मात्र चालूच आहेत.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. शरीरं वेगळी आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. वयात येताना मुलाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतं, खांदे आणि दंड भरतात. कमरेवरच्या भागाच्या ताकदीत बायका सरासरीनं पुरुषांच्या निम्म्याच्या थोड्या पुढे असतात, पायांच्या ताकदीत फरक बराच कमी. शंभर मीटर धावण्याचा जागतिक विक्रम पुरुषांचा ९.५८ सेकंदांचा, महिलांचा १०.४९ चा. गर्भारपण आणि अंगावरचं दूध हे बाईच्याच वाट्याला येतं. मग जड काम पुरुषाचं आणि हलकं बाईचं, ही वाटणी निसर्गाचीच नव्हे का?

याचं उत्तर कुठल्याही बांधकामावर पाच मिनिटं उभं राहिलं की मिळतं. एक वीट साधारण तीन किलोची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर आठ-दहा विटा, म्हणजे पंचवीस-तीस किलो वजन घेऊन परांचीच्या शिडीवरून वर चढते ती बिगारी बाई. मालाचं घमेलंही तीच उचलते. वर बसून थापीनं माल पसरणारा, वीट ठोकून बसवणारा, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघणारा, कोपऱ्याला गुण्या लावणारा तो गवंडी. थापीचं वजन किती? ओळंब्याचं किती? जड ते बाईकडे आणि हलकं पण हुन्नराचं ते पुरुषाकडे, अशी उलटी वाटणी आहे, आणि मजुरी वजनावर नाही, हुन्नरावर ठरते. बिगाऱ्याचा पोरगा दोन-चार वर्षं गवंड्याच्या हाताखाली राहिला की थापी धरतो. बिगारी बाई वीस वर्षं विटा वाहून बिगारीच राहते, कारण तिच्या हातात थापी कुणी देतच नाही. इथे ताकदीचा संबंध आला कुठे?

शेतातही तेच. नांगर बाईनं धरू नये, अशी समजूत गावोगाव होती. नांगराला जोर लागतो, हे त्याचं कारण मानलं तरी ट्रॅक्टरला कुठे लागतो? पॉवर स्टिअरिंग आहे, हायड्रॉलिक लिफ्ट आहे, लिव्हर ओढली की मागचं अवजार उचललं जातं. ताकदीचा मुद्दा खरा असता तर ट्रॅक्टर येताच निम्म्या चालक बायका झाल्या असत्या. झालं उलटंच. यंत्र पुरुषाकडे गेलं, आणि खुरपणी, भाताची लावणी, कापसाची वेचणी ही कंबर मोडणारी कामं बाईकडे राहिली. दळणाचंही तसंच. पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून जातं ओढलं बायकांनी. मोटार बसवून पट्टा फिरायला लागला, किलोमागे पैसे मिळायला लागले, आणि गिरणीवाला जन्माला आला. स्वयंपाक बाईचा स्वभाव म्हणावा तर लग्नाच्या मांडवात पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुष. शिवणटिपण बायकी, पण दुकान मांडून मापं घेणारा शिंपी पुरुष. कामाला दाम आला की त्याचं लिंग बदलतं, हा योगायोग किती वेळा घडायचा?

'हाताला चव आहे' हे कौतुकही जरा सोलून बघण्यासारखं आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पिठात कढत पाणी घालावं लागतं. मग तळहाताच्या मुळानं रेटून रेटून मळायचं, गोळा मऊसूत होईपर्यंत. मळणं कमी पडलं की थापताना कडा चिरतात. पीठ जुनं झालं असेल तर किती मळा, भाकरी परातीतून उचलतानाच तुटते. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची, नाहीतर पापुद्रा सुटत नाही आणि भाकरी फुगत नाही. हे सगळं ज्ञान आहे. शिकवलं तर महिना-दोन महिन्यांत कुणालाही येतं, मुलालाही. पण त्याला 'माउलीच्या हातची माया' म्हटलं की ते शिकवायची गरज उरत नाही आणि त्याचा मोबदला मागायची सोयही उरत नाही. देशाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटं फक्त त्या पुरुषांची, ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला. तसे पुरुष चारांत एकच्या थोडे वर.

परंपरेचा मुद्दा असाच तपासून घ्यावा. 'पारंपरिक स्त्रीत्व' म्हणून जी नाजूक, जपून पावलं टाकणारी आकृती आपल्यासमोर ठेवली जाते, ती महाराष्ट्रात फार जुनी नाही. नऊवारी आठ मीटरच्या थोडी वर असते. तिच्या निऱ्यांचा भाग दोन्ही पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचला की कासोटा होतो. या पेहरावात बाई झाडावर चढते, चिखलात वाकून लावणी करते, होडीत उडी मारते, घोड्यावर बसते. आणि पुरुषाचं धोतर? तोच कासोटा, तीच युक्ती. या मुलखातल्या बाईचा आणि पुरुषाचा रोजचा पोशाख एकाच तत्त्वावर उभा होता. पुढे विसाव्या शतकात शहरी पांढरपेशा घरांतून परकरावरची गोल साडी पसरली, कासोटा सुटला आणि पाऊल आखूड झालं. त्या काळी ती आधुनिक म्हणून आली, आज तीच पारंपरिक. त्याच शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत प्रतिष्ठित घरांतल्या बायका साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा हे कुणाला बघून ठरवत होत्या? बालगंधर्वांना. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाला. ज्याला आपण आजही मराठी शालीन स्त्रीत्वाचा नमुना मानतो, तो एका पुरुषानं मेहनतीनं कमावलेली कला होती.

कोण मर्द आणि कोण नाही, हे एखादं कार्यालय ठरवतं तेव्हा काय होतं, याचा आपल्याच मातीतला दाखला आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई लढले. तिथल्या स्तंभावर '-नाक' शेवट असलेली त्यांची नावं कोरलेली आहेत. नंतर त्याच शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या लष्करात 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत जोरात आला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. उत्तरेकडच्या काही जमाती जन्मजात मर्द, बाकीचे नरम, अशी यादीच तयार झाली आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद पडली. फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. ज्यांच्या बापआज्यांनी लढाया मारल्या, ती माणसं एका हुकुमानं 'लढाऊ नसलेली' झाली. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी झाली. पंचवीस वर्षांत एका समाजाचं शौर्य उगवलं, मावळलं, पुन्हा उगवलं? शौर्य तिथेच होतं. गरज आणि हुकूम बदलत होते.

हाच युक्तिवाद आपल्या काळात सर्वोच्च न्यायालयात पुन्हा ऐकू आला. सैन्यात स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती द्यायची की नाही, या खटल्यात सरकारकडून असं मांडलं गेलं की खेड्यांतून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनानं तयार नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानं ते फेटाळलं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणींची. त्यांना कौतुकानं 'मर्दानी' म्हणायचा मोह आवरावा. ताराराणीनं १७०० ते १७०७ अशी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालवली, अहिल्याबाईंनी जवळपास तीन दशकं राज्य केलं. बाईनं शौर्य दाखवलं की तिला पुरुष ठरवायचं आणि पुरुष घाबरला की त्याला बायल्या म्हणायचं, असा हिशेब असेल तर शौर्य नेहमी पुरुषाच्याच खात्यावर जमा होणार.

दुसरा मुद्दा मला याहून जड वाटतो. मुलग्यांना आज आदर्श उरलेला नाही, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. कापडगिरणी गेली, शेती पोसत नाही, पक्की नोकरी नाही, लग्न जमत नाही. 'तू कर्ता हो' हे ऐकत वाढलेल्या पोराला करायला काही नाही. त्याच्या दुःखाला 'पुरुषसत्ता' एवढंच उत्तर देणारे लोक त्याला थेट शिबिरवाल्यांच्या दारात नेऊन सोडतात. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतले जवळपास ७२ टक्के पुरुष. ही आकडेवारी पुढे करून 'पुरुषाला त्याचं पुरुषत्व परत द्या' असं सांगितलं जातं. पण मरणाऱ्याला मारलं कशानं, हे बघायला नको का?

'घरातला कर्ता पुरुष गेला' हे वाक्य आपण किती सहज वाचतो. कर्ता म्हणजे करणारा. पण कर्ता पुरुषाच्या प्रतिमेत करण्याइतकंच न सांगणं असतं. पीककर्ज किती, सोसायटीचं किती, सावकाराकडे काय ठेवलं, विम्याचा हप्ता भरला की नाही, हे घरात बोलायचं नाही. बायकोपुढे रडायचं नाही, भावापुढे हात पसरायचा नाही. सगळं ओझं एका खांद्यावर आणि त्या खांद्याला आधार घ्यायची बंदी. तो गेला की दुसऱ्याच दिवसापासून जी अडचण सुरू होते ती अगदी कागदी असते. बायकोला कर्जाचा आकडा सावकाराच्या तोंडून कळतो. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असते. मृत्यूचा दाखला काढून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा, फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो, मग सातबाऱ्यावर नाव चढतं. यातला एकही टप्पा तिला माहीत नसतो, कारण तलाठ्याकडे जाणं हे कर्त्याचं काम होतं. दिराची हरकत आली की तेही अडतं. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. आणि ती स्वतः कर्जापायी मेली असती तर? सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई कागदावर शेतकरी ठरणंच कठीण. ती शेतकऱ्याची बायको.

म्हणजे कर्त्याची प्रतिमा पुरुषाला दोनदा मारते, आधी एकट्यानं वाहायला लावून आणि नंतर त्याच्या माणसांना आंधळं ठेवून. अशा पुरुषाला आणखी 'योद्धा' बनवणं म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणं. त्याला हवं आहे ते ओझं वाटून घेणं. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी बसून कर्ज, ठेवी, विमा, वारस नामांकन आणि उतारे समोर मांडायचे, एवढ्यानंही जीव वाचतील, असं मला मनापासून वाटतं. मराठीत 'कर्तीसवरती' असा छान शब्द आहे. पण तो घरातल्या कौतुकापुरता. एकत्र हिंदू कुटुंबाची 'कर्ता' थोरली मुलगी होऊ शकते, हे दिल्ली उच्च न्यायालयानं सांगेपर्यंत २०१५ चा डिसेंबर उजाडला.

आता बाईच्या बाजूच्या प्रतिमेकडे या. त्यागमूर्ती, माहेरवाशीण, भावाची लाडकी बहीण. ही प्रतिमा काय भावाला विकली जाते, ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बघायला मिळतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राचा दुरुस्ती कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, त्यात लग्नाची अट गेली. त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदा इथवर आला. पण वडील गेले, वर्षश्राद्ध झालं की भावाचा निरोप येतो, 'ताई, एकदा तालुक्याला यायचंय, सह्या करायच्यात.' कागदाचं नाव हक्कसोडपत्र. तो कोऱ्या कागदावरचा करार नसतो. नोंदणीकृत दस्त असतो, फोटो आणि अंगठ्यासकट, आणि एकदा झाला की तो रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. बहुतेक वेळा ती दस्त वाचतही नाही. तिच्यावर बळजबरी झालेली नसते. तिला फक्त एवढंच माहीत असतं की सही केली नाही तर दिवाळीला कुणी न्यायला येणार नाही. सही करून परत निघताना तिला साडी नेसवतात. लाखोंच्या जमिनीची किंमत एक साडी आणि माहेरचं दार. हे ज्या मायेच्या नावानं घडतं, त्या मायेला 'स्त्रीचा मूळ स्वभाव' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं. भावाची माया इतकी पक्की असेल तर हक्कसोडपत्र भावांनी का करून देऊ नये?

पण म्हणून सगळ्या प्रतिमा जाळून टाका, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. प्रतिमा पुसता येत नाहीत. जागा रिकामी ठेवली की तिथे कुणीतरी दुसरी मूर्ती आणून बसवतो, आणि आज ती बसवणारे लांडग्यांची गोष्ट सांगणारे आहेत. शिवाय हीच प्रतिमा उलट्या कामालाही लावता येते, हे या राज्यात करून दाखवलं गेलं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडला अधिवेशन भरलं, लाखावारी बायका आल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना समानतेवर व्याख्यान दिलं नाही. त्यांनी हिशेब मांडला. शेतमालाला भाव मागताना तुम्ही म्हणता की सरकारनं आमच्या घामाचं देणं बुडवलं. मग घरच्या लक्ष्मीच्या घामाचं देणं तुम्ही किती वर्षं बुडवलंत? ते फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. शंभर घरांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. अनेक गावांतल्या पुरुषांनी ते केलं. तोवर 'गृहलक्ष्मी' म्हणजे बिनपगारी राबणारी बाई होती. तोच शब्द आता सातबाऱ्यावर पोचला. प्रतिमा फेकून देऊन एवढं झालं असतं, असं मला वाटत नाही.

सावित्रीची कथा घ्या. वडाला दोरा गुंडाळणारी पतिव्रता म्हणून ती आपल्याला माहीत. महाभारतातली सावित्री स्वतः रथात बसून वर शोधायला निघते. वर्षभरात नवरा मरणार हे कळूनही निवड बदलत नाही, आणि यमाच्या मागे चालत जाऊन त्याच्याशी वाद घालते. आधी सासऱ्याची दृष्टी, मग त्याचं राज्य, मग बापाला शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र. हा शेवटचा वर दिला की यमापुढे सत्यवानाचे प्राण सोडण्यावाचून मार्ग उरत नाही. ही वाटाघाट आहे, एकेक पायरी बांधत नेलेली. मुलींना ही गोष्ट सांगताना दोरा सांगितला आणि युक्तिवाद गाळला. दोष सावित्रीचा की सांगणाऱ्यांचा? विठ्ठलाचं तर विचारूच नका. उभ्या महाराष्ट्राचा देव 'माउली' आहे. तो जनाबाईबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो, अशा कथा शेकडो वर्षं कीर्तनातून सांगितल्या गेल्या आणि त्यानं विठ्ठलाचं देवपण कमी झालं असं कुणा वारकऱ्याला वाटलं नाही. दळणाऱ्या पुरुषाला बायकी म्हणणारा महाराष्ट्र वारीत चालताना त्याच पुरुषाच्या पायावर डोकं ठेवतो. मुलग्यांना आदर्श नाही म्हणून रडायची गरज काय? फक्त ती कथा कीर्तनातून काढून स्वयंपाकघरात आणायची आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असं राज्य सरकारनं ठरवलं आहे. कागदाची सुरुवात तरी झाली.

आणि ते बांगड्यांचं ताट. पुढच्या मोर्चाला ते नेऊ नये, त्याऐवजी एक कागद न्यावा. वॉर्डातल्या शंभर घरांत पाण्यासाठी रोज दोन तास जातात असं धरलं, तर महिन्याचे सहा हजार तास होतात. रोजची आठ तासांची पाळी धरली तर साडेसातशे दिवसांची मजुरी. अकुशल कामगाराच्या किमान वेतनानं ती मांडायची, खाली शंभर जणींच्या सह्या घ्यायच्या, आणि ते बिल आवकजावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यायचा.